डाव्या पिळाचा पटका

गुऱ्हाळं लागली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. घरातल्यांना आता हे सवयीचं झालंय. सासूबाई म्हणतात, "हिला गुळाचा वास बाधतो." बाधतोच. नीरा नदीवरून वारं सुटलं आणि त्यात रस आटवायच्या काहिलीचा पहिला कढ आला, की माझी भाकरी तव्यावर करपते, दूध उतू जातं, आणि मी परड्याच्या कडेला उभी राहून रस्त्याकडं बघत बसते. रस्त्यानं उसाच्या गाड्या जातात, चिपाडाचे भारे जातात, नव्या साखर कारखान्यावर कामाला निघालेली पोरं जातात. झाडून सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी. मी एकेकाकडं निरखून बघते आणि जवळ येईपर्यंत मला एकही माणूस ओळखू येत नाही.

डोळे शाबूत आहेत माझे. सुईत दोरा अजून एका दमात ओवते. पण माणूस लांबून ओळखायची एक सवय मला लहानपणी लागली होती, आणि त्या सवयीला आता काही कामच उरलेलं नाही.

मी नरसिंहपूरच्या बाजूला दिलेली. माहेर पिंपळीचं, बारामतीशेजारचं, पाटाच्या पाण्यावरचं. चार इयत्ता शिकले. आमच्यात मुलीनं तेवढं शिकणं म्हणजे डोक्यावरून पाणी. त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच, की जे बोलून दाखवता येत नाही ते कधीमधी लिहून बघते. दरवर्षी हंगाम आला की हे लिहायला बसायचं ठरवते आणि दरवर्षी उठते. यंदा बसलेच आहे.

आमच्या पिंपळीत माणूस डोक्यावरून ओळखायचे. चेहरा नंतर, आधी डोकं. शेजारचे नानाराव पटका इतका सैल बांधायचे, की चालताना त्यांचा एक हात कायम डोक्यावर असायचा. लांबून वाटायचं माणूस कपाळाला हात लावून निघालाय. वरच्या आळीतला एक म्हातारा भुवया झाकतील इतका खाली ओढायचा आणि मग जगाकडं बघायला मान वर करायचा. कुणाचा घट्ट, कुणाचा पसरट, कुणाचा शेमला पाठीवर कमरेपर्यंत लोंबता. कुणी कुणाला शिकवलेलं नसायचं, कुणी कुणाचं बघून केलेलं नसायचं. ज्याचं त्याचं डोकं आणि ज्याची त्याची तऱ्हा. भांडण झालं आणि बोलणं बंद झालं, तरी बांधावरून जाणारा पटका बघून घरात सांगायचं, "नानाराव निगाला बाजाराला."

आणि आमचे आबा. आबा म्हणजे माझे वडील.

आबांचा पटका डाव्या पिळाचा. सगळं गाव उजवीकडं पीळ द्यायचं, हे डावीकडं. डाव्या कानावर कापडाचे पदर एकावर एक चढत जायचे, उजवी बाजू बसकी राहायची, आणि शेमला पाठीवर न सोडता पुढं घेऊन कानामागं खोचलेला. कुणीतरी एकदा विचारलं, "असा वाकडा का बांधतोस रं?" तर आबा म्हणाले, "वाकडा कुठं हाय? माज्या डोस्क्याला असाच बसतो." एवढंच कारण. कसला नवस नव्हता, कुणाला दाखवायचं नव्हतं, घराण्याची रीतही नव्हती. आमचे आजोबा उजवाच बांधत. मी पुष्कळ विचार केलाय यावर. माणसाची म्हणून एक तऱ्हा असते. ती त्याला कुणी शिकवत नाही, आणि सोड म्हटलं तरी सुटत नाही. लोक तिला हट्ट म्हणतात, टेंभा म्हणतात. म्हणोत.

सकाळी धारा काढून झाल्या की गोठ्यातून हाक यायची. "हौसा, टोक धर."

पटका केवढा लांब. इंदापूरच्या एका साळ्यानं हातमागावर विणलेला, जाड, दोन्ही काठांना बारीक किनार असलेला. त्याचं एक टोक घेऊन मी गोठ्याच्या दाराशी उभी राहायची आणि आबा दुसऱ्या टोकाशी, वैरणीच्या गंजीजवळ. मग ते कापडाला पीळ देत, डोक्याभोवती घेत, एकेक पाऊल माझ्याकडं सरकायचे. डावा हात कापड फिरवायचा, उजव्या हाताचा पंजा कानशिलावर पदर दाबून धरायचा. मी टोक सैल सोडायची नाही आणि ओढायचीही नाही. शेवटचा फेर बसायचा तेव्हा आबा माझ्यासमोर उभे असायचे, इतके जवळ की त्यांच्या अंगाचा शेणामातीचा, तंबाखूचा वास यायचा. माझ्या हातातलं टोक घेऊन ते कानामागं खोचायचे. "झालं. जा आता शाळंला."

शाळेतून परत येताना पाटाच्या वळणावर आले की मी थांबायची. तिथून सगळा शिवार दिसायचा. शेतात माणसं वाकलेली असायची, चेहरा एकाचाही दिसायचा नाही, पण त्यात डावीकडं चढलेला एक पांढरा ठिपका असायचा. तो सापडला की मी पुढं चालायला लागायची. नाही सापडला तर सापडेपर्यंत उभी.

परवा बारामतीला तंबूत बोलपट आला होता. धाकटी नणंद बघून आली आणि आल्यापासून तिचं एकच चाललंय, पडद्यावरच्या बाईसारख्या बाह्यांचं पोलकं पाहिजे. आळीतल्या सगळ्या पोरींनी शिवायला टाकलंय म्हणे. सासूबाई चिडल्या. मी कोणत्या तोंडानं बोलणार? माझ्या लग्नात मलाही फुग्याच्या बाह्यांचं पोलकं हवं होतं आणि आबांनीच ते बारामतीच्या शिंप्याकडून शिवून आणवलं होतं. आई खणाची चोळी घेऊन बसली होती. आबा हसून म्हणाले, "घालू दे की. तिच्या अंगावर तिला बरं वाटंल ते." आबांचं कुणाच्या नव्या कपड्याशी वैर नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणायला लागले की म्हातारा जुन्या वळणाचा म्हणून टोपी घालत नव्हता.

टोप्या आल्या त्या मिठाच्या चळवळीनंतर. आधी बारामतीच्या शाळेतल्या मास्तरांच्या डोक्यावर दिसल्या, मग भिगवणच्या ठेसनावर उतरणाऱ्या पुण्याच्या लोकांच्या, मग एकेका तरण्या पोराच्या. काहींनी मनापासून घातली, त्यापायी लाठ्या खाल्ल्या. त्यांच्याबद्दल मी ब्र काढणार नाही. पण बाकीच्यांनी शेजाऱ्यानं घातली म्हणून घातली. माझा थोरला भाऊ सोपानदादा तर तांब्यात निखारे घालून रोज टोपीला इस्त्री फिरवायचा. घडी अशी, की बोट कापावं. गावातली पोरं जत्रेला निघाली की मागून सगळी एका साच्यातली. आबा कौतुकानं बघायचे. "ब्येस दिसतंय," म्हणायचे, "वाफ्यातली लसूण जशी." दादा विचारायचा, "मग तुमी कवा घालताय?" आबा म्हणायचे, "मला कशापायी? माझं हाय की माझं." आणि मला हाक मारायचे, टोक धरायला.

माझं लग्न दिवाळीच्या आसपास ठरलं. फाल्गुनातली तीथ काढली, म्हणजे हंगाम उरकून मोकळ्या हातानं लग्न. आमच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं. लोखंडी चरक, त्याच्याभोवती फिरणारे बैल, रसाची हौदात पडणारी धार, चुलवणातला जाळ. आबा चरकात ऊस घालायला बसायचे. ते काम ते दुसऱ्याला देत नसत. वर फिरणाऱ्या आडव्या लाकडाखाली मान खाली घालून बसायचं आणि एकेक कांडं रुळांच्या तोंडात सारायचं.

त्या सकाळी बैल बुजला. कशाला बुजला, कुणी सांगू शकलं नाही. कुत्रं आडवं गेलं असेल, चिपाड उडालं असेल. बैलानं उसळी घेतली, चरक गर्रकन फिरला आणि उसाच्या कांड्याबरोबर आबांचा उजवा हात आत गेला. मी काहिलीजवळ काकवीची वाटी घेऊन उभी होते. आबा ओरडले नाहीत. दादा ओरडला. बैल धरले, चरक उलटा फिरवला, हात काढला. आबांनी डाव्या हातानं स्वतःचा पटका डोक्यावरून उतरवला आणि म्हणाले, "ह्यो बांदा. घट्ट बांदा." मग त्यांना गाडीत घालून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. तिकडं पळापळीत काहिलीकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही आणि सगळा गूळ करपला. तो करपलेला वास चार दिवस मळ्यात होता. सासूबाई म्हणतात तो बाधणारा वास हाच. चांगल्या गुळाचा वास आला तरी मला त्याच्यामागून तो येतो.

मनगटाच्या वर हात काढावा लागला.

आईनं तो पटका पाटावर नेऊन धुतला. रिठा लावला, राख लावली, उन्हात टाकला, परत धुतला. मधोमध एक तांबूस डाग राहिलाच. आईनं तो वाळवून, घडी घालून गोठ्यातल्या खुंटीवर ठेवला, जिथं तो नेहमी असायचा.

आबा घरी आले ते डोक्याला उपरणं गुंडाळून. आमच्यात बोडकं डोकं म्हणजे सुतक. घरचं माणूस गेलं तरच पुरुष बोडका बाहेर निघतो. आणि उपरणं गुंडाळून माणूस फार तर दुखण्यात बसतो, चावडीवर जात नाही. कुणी भेटायला आलं की आबा भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायचे. बाजार बंद, देऊळ बंद, मळा बंद. हाताबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. दादा म्हणाला, "आबा, टोपी घाला. एका हातानं घालता येती." आबांनी ऐकून घेतलं. दादानं दोनतीनदा म्हटलं आणि मग सोडून दिलं. त्याला वाटलं, हाताबरोबर पटक्याचाही विषय संपला.

संपला नव्हता. हात जरा सुकला आणि एका पहाटे गोठ्यातून हाक आली, अगदी हळू. "हौसा, टोक धर."

मी गेले. आबा वैरणीजवळ उभे होते, दुसरं टोक दातात धरून. त्यांनी सुरुवात केली. डाव्या हातानं कापड फिरवलं, पण कानशिलावर दाबून धरायला पंजा नव्हता. पहिला फेर बसला, दुसरा घेताना पहिला निसटला. सगळं गळ्यात येऊन पडलं. परत केलं. परत पडलं. मी म्हटलं, "आबा, मी बांधू का?" त्यांनी मान वाकवली, म्हणून मी बांधला. बायकांनी पुरुषाच्या पटक्याला हात लावायचा नसतो, पण गोठ्यात बघायला कोण होतं? मी अगदी त्यांच्यासारखा डावीकडं चढवला. आबा पाण्याच्या घंगाळाशी गेले, वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चांगला बांधलास, पोरी. पर ह्यो मी न्हवं." आणि सोडून टाकला.

त्यानंतर रोज पहाटे आमचा हा उद्योग. आबांनी तुटक्या हाताचं कोपर कानशिलावर दाबून बघितलं. गुडघ्यावर बसून, खांबाला डोकं टेकवून बघितलं. खांब पंजाचं काम करेल म्हणून. दातांनी कापड धरून धरून हिरड्यांतून रक्त यायचं. पटका पडला की ते मला म्हणायचे, "पुन्यांदा," आणि मी जाऊन टोक धरायची. मला रडू यायचं आणि मी ते गिळायची, कारण मी रडले असते तर त्यांनी थांबवलं असतं. एकदा ते वैरणीवर बसले आणि म्हणाले, "हौसा, हात गेला त्येचं काय न्हाय. डाव्या हातानं जेवीन, डाव्या हातानं खुरपीन. पर आरशात बगितलं की कोन दिसायचं? मला म्हाईत पायजे न्हवं कोन दिसतंय ते?" बैल रवंथ करत होते. मी टोक हातात घेऊन उभी राहिले.

"कुनाला सांगू नगंस," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "जमल्याव बगतील समदी. तुज्या लगनात बांधून हुबा ऱ्हाईन. तवर कुनाला न्हाई." आईलाही सांगितलं नाही, दादालाही नाही.

आणि जमायला लागलं. माघ सरता सरता एका सकाळी खांबाला डोकं टेकवून, कोपरानं दाबून, दातांनी ओढून त्यांनी फेर बसवले, आणि ते बसले. डाग आतल्या पदरात गेला. डावी बाजू वर चढली. जरा सैल होता, पण तो तोच होता. मी टोक त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि त्यांनी ते कानामागं खोचलं. मग त्यांनीच तो उतरवला, घडी माझ्याकडून करवून घेतली आणि खुंटीवर ठेवली. "आजून दोनचार येळा केलं की बसंल," म्हणाले. त्या दिवशी ते भाकरी जास्त जेवले. आईला कळेना काय झालं.

त्याच आठवड्यात मावशीनं मला केळवणाला भिगवणला नेलं.

मी परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. ओसरीवर घोंगडं अंथरून दादा बसला होता आणि घोंगड्यावर टोप्या मांडल्या होत्या. नव्या, पांढऱ्या, कडक. दादाचा चेहरा आनंदानं फुललेला. बारामतीच्या बाजाराला गेला होता, शिंप्याकडून शिवून आणल्या होत्या. भावकीतल्या प्रत्येक पुरुषाला एक. नवरीकडची माणसं एकसारखी दिसली पाहिजेत, कारण वऱ्हाड सगळं टोपीवाल्यांचं येणार होतं आणि आम्ही त्यांच्यापुढं गावंढळ दिसायला नको होतो. मी एक टोपी उचलली. कापड जाड होतं. हाताचं विणलेलं. एका टोपीच्या आतल्या बाजूला बारीक किनार शिवणीत आली होती.

सोपानदादा वाईट नाही. त्याला बोल लावायचा म्हणून मी हे लिहीत नाही. त्याचा हिशेब सरळ होता. आबा आता कधी पटका बांधायचे नाहीत, खुंटीवर तो बघून त्यांचा जीव जळत असेल. रक्त लागलेलं कापड लग्नघरात कशाला. आणि एवढं चांगलं कापड वाया तरी का घालवायचं. शिंप्यानं डाग तेवढा वगळून कापलं होतं. दादानं एक टोपी दोन्ही हातांनी आबांपुढं धरली आणि म्हणाला, "आबा, तुमचाच पटका हाय ह्यो. समद्या भावकीच्या डोस्क्याव तुमचं कापड. कसं हाय?" त्याला खरंच वाटत होतं की त्यानं बापाचा मान केला.

आबांनी टोपी डाव्या हातात घेतली. उलटी करून बघितली, अंगठ्यानं कापड चोळलं. मग म्हणाले, "ब्येस झाल्यात. कापड टिकाऊ हाय," आणि टोपी परत घोंगड्यावर ठेवली, बाकीच्यांच्या ओळीत.

मी मागोमाग गोठ्यात गेले. ते खुंटीकडं बघत उभे होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी मान हलवली. "त्येला काय ठावं, हौसा? आपुनच लपवलं." मग म्हणाले, "आता बी सांगू नगंस. पोराला लागंल." दादाला आजतागायत माहीत नाही. सणाला भेटतो, त्याच्या डोक्यावर अजून त्यातलीच टोपी असते. कापड टिकाऊ आहे.

मी हातपाय हलवले, नाही असं नाही. आईच्या मागं लागून बारामतीहून मलमल आणवली. गिरणीचं कापड, गुळगुळीत आणि पातळ. त्याला पीळच धरेना, कोपराखालून सुळकन सुटायचं. इंदापूरला जाणाऱ्या गाडीवाल्याकडं त्या साळ्यासाठी निरोप धाडला. निरोप आला, माग मोडला, माणूस सोलापूरला गिरणीत गेला, आता तिथं कुणी पटक्याचं कापड विणत नाही. नानारावांना काही न सांगताच काही कळलं की काय कोण जाणे, ते स्वतःचा पटका घेऊन आले. पण एकाचं पागोटं दुसरा डोक्यावर घेत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते बसले, पान खाल्लं आणि पटका काखेत घालून परत गेले. त्यानंतर गोठ्यातून हाक आली नाही. मी पहाटे जागी असायची, कान लावून पडलेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी आबांना विचारलं, "तुमी मांडवात याल न्हवं?" ते विझलेल्या चुलवणाजवळ बसले होते. म्हणाले, "बोडक्यानं कसा येऊ, पोरी?" टोपीचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही नाही. कन्यादान चुलताचुलती करणार होते. अधू हातानं संकल्प सोडता येत नाही, असं भटजींनी सांगितलं होतं. म्हणजे स्वतःच्या मुलीच्या लग्नात आबांना करायला काही उरलंच नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं, आणि उभं राहायला त्यांच्यापाशी डोकं नव्हतं.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी अंतरपाटाच्या वरून, बाजूनं, जमेल तिकडून मांडवात बघत होते. बायका म्हणत होत्या, खाली बघ, खाली बघ. मी कसली खाली बघते. बोहल्यावरून माणसं दिसत नाहीत, डोकी दिसतात. पांढऱ्या टोप्या, त्यांच्यामागं पांढऱ्या टोप्या, पार मांडवाच्या खांबापर्यंत. आमच्याकडच्या आणि वऱ्हाडाच्या, काही फरक कळेना. मी डावीकडं चढलेलं काही शोधत होते. नव्हतंच ते, मला माहीत होतं नव्हतं, तरी नजर तेच शोधत होती. तिला दुसरं काही शोधता येत नव्हतं. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, ताशा वाजला. आबा आले नाहीत, असं मी मनाशी म्हटलं. फुग्याच्या बाह्यांचं पोलकं अंगात घट्ट होत होतं. सगळ्या म्हणत होत्या, हौसा कशी पडद्यावरच्या बाईसारखी दिसतेय.

मालक म्हणजे माझे यजमान चांगले आहेत. एकदा मी त्यांना ही सगळी हकीकत सांगितली. ऐकून म्हणाले, "तुज्या आबांनी टोपी घातली असती तर काय बिगडलं असतं?" मी म्हटलं, काही नाही. त्यांना खरं वाटलं. ते टोपीला इस्त्री करत होते. आबा त्या लग्नानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात गेले. दुखवट्याला पाहुण्यांनी रिवाजाप्रमाणे दादासाठी पागोट्याचं कापड आणलं, पण जमलेल्या एवढ्या माणसांत ते बांधायला कुणी पुढं आलं नाही. कापड त्याच्या मांडीवर ठेवलं आणि डोक्यावर टोपी घातली. मी बायकांत बसले होते. माझे हात मांडीखाली दाबून बसले होते. अजून मी दावं वळायला घेतलं तरी पीळ डावीकडं जातो.

माझ्या लग्नाच्या दिवशी, पाठवणीच्या वेळी गाडी जुंपून उभी होती. वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं म्हणून सगळे पुरुष ओळीनं उभे राहिले. मी मान खाली घालून एकेकाच्या पायावर डोकं टेकवत पुढं सरकत होते. नव्या वहाणा, नवी धोतरं. कुणी म्हणालं, सुखी राहा, कुणी नुसता डोक्यावर हात ठेवला, कुणी काहीच बोललं नाही. मला कुणाचं तोंडही बघायचं नव्हतं. माझ्या मनात गुऱ्हाळाकडची वाट होती. गाडीत बसायच्या आधी मी दादाला धरलं आणि म्हटलं, "दादा, आबांना सांग, हौसा गेली म्हनावं."

दादा माझ्याकडं बघतच राहिला. "अगं, असं काय करतीस?" तो म्हणाला. "आत्ताच पाया पडलीस की त्यांच्या."

मी वळले. ओळ अजून तशीच उभी होती, टोप्यांची. मी एकेक चेहरा बघत गेले, आणि मधे एका टोपीखाली एक कपाळ दिसलं, पांढरंफटक. वर्षानुवर्षं पटक्याखाली राहिलेलं, उन्हानं कधी न बघितलेलं. मीही ते कधी उजेडात बघितलं नव्हतं. त्याच्याखाली रापलेला चेहरा होता. उजवा हात उपरण्याखाली घेतलेला.

"मी हितंच हाय, हौसा," आबा म्हणाले. "अक्षता पडायच्या आधीपास्नं हितंच हाय."